लॉगिन स्क्रीनवर अडणारा कीबोर्ड : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

एकाच कीबोर्ड-माउसवर दोन संगणक चालवणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. दोन्ही संगणक सुरू होऊन लॉगिन झाले की माउस एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर बिनबोभाट जातो. दुसऱ्या संगणकाचा पासवर्ड टाकायची वेळ आली की मात्र तोच कीबोर्ड तिथे पोहोचत नाही. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा कोल्हापुरात मराठी अक्षरजुळणीचा व्यवसाय आहे. जुन्या पुस्तकांच्या फाइली श्रीलिपी या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे विंडोज १० चा एक संगणक ठेवावा लागतो आणि नवे काम विंडोज ११ च्या संगणकावर युनिकोडमध्ये चालते. नव्या संगणकाला कीबोर्ड व माउस जोडलेले आहेत आणि जुना संगणक मी बॅरियर या सॉफ्टवेअरद्वारे त्याच कीबोर्डवर चालवतो. दिवसभर काम उत्तम होते. परंतु सकाळी जुना संगणक सुरू केल्यावर किंवा तो लॉक झाल्यावर माउस तिकडे जातच नाही आणि कपाटातला दुसरा कीबोर्ड काढून पासवर्ड टाकावा लागतो. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले, तरी फरक पडला नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपण केलेली जोडणी बरोबर आहे. सॉफ्टवेअर आपल्या लॉगिननंतर सुरू होते, तर आपल्याला ते लॉगिनच्या आधी हवे आहे. अडचण एवढीच आहे, आणि ती पुन्हा इन्स्टॉल करून सुटणारी नाही. तिचे कारण विंडोजच्या रचनेत आहे. ते एकदा ध्यानात आले की पुढच्या सेटिंग का करायच्या, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

विंडोजमध्ये आपण ज्यावर काम करतो तो डेस्कटॉप आणि पासवर्ड विचारणारी स्क्रीन हे एकाच डेस्कटॉपचे दोन भाग नाहीत. लॉगिनची स्क्रीन विनलॉगऑन नावाच्या स्वतंत्र, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवली जाते आणि वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला तिथे कळ दाबल्याचा किंवा माउस हलवल्याचा आभास निर्माण करता येत नाही. हा निर्बंध विचारपूर्वक घातलेला आहे. तो नसता, तर इंटरनेटवरून चुकून उतरवलेला एखादा घातक प्रोग्रॅम आपल्या नकळत पासवर्डच्या चौकटीत हात घालू शकला असता. नवे सॉफ्टवेअर टाकताना स्क्रीन अंधूक होऊन विंडोज परवानगी विचारते, तेव्हाही याच सुरक्षित डेस्कटॉपवर प्रश्न विचारलेला असतो. त्या वेळीही आपला माउस जुन्या संगणकावर गोठत असेल, तर निदान पक्के समजावे, कारण दोन्ही लक्षणांचे मूळ एकच आहे.

यातून मार्ग एकच आहे : हे सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या नावाने न चालवता विंडोजची सर्व्हिस म्हणून, म्हणजे संगणक सुरू होताच कोणाच्याही लॉगिनची वाट न पाहता आणि खुद्द सिस्टिमच्या अधिकाराने चालवणे. नुसती सर्व्हिस मात्र पुरत नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस या वापरकर्त्याच्या स्क्रीनपासून अलग ठेवलेल्या सत्रात (सेशनमध्ये) चालतात, त्यामुळे सर्व्हिसला थेट लॉगिन स्क्रीनवर काही करता येत नाही. सिनर्जी आणि तिच्यापासून निघालेली बॅरियर, इनपुट लीप, डेस्कफ्लो ही सॉफ्टवेअर यावर असा तोडगा काढतात : पार्श्वभूमीत बसलेली सर्व्हिस स्क्रीनवर सध्या कोणता डेस्कटॉप आहे याच्यावर लक्ष ठेवते आणि लॉगिन स्क्रीन पुढे आली की कीबोर्ड-माउस हाताळणारा भाग तिथे चालेल अशा अधिकाराने नव्याने सुरू करते. लॉक केल्यानंतर माउस क्षणभर थबकून मग चालू लागतो तो यामुळेच. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

आता आपल्या जुन्या संगणकावर काय पाहायचे ते सांगतो. सर्वप्रथम विंडोजच्या सर्व्हिसेस या यादीत बॅरियरचे नाव आहे का, ती सुरू आहे का आणि तिच्यापुढे ऑटोमॅटिक असे लिहिले आहे का, हे तपासावे. तिथे डिलेड स्टार्ट असे असेल, तर संगणक सुरू झाल्यावर सुमारे दोन मिनिटे काहीच होत नाही आणि तोवर माणूस कंटाळून दुसरा कीबोर्ड जोडतो, म्हणून तो पर्याय साध्या ऑटोमॅटिकवर आणावा. सर्व्हिसचे नावच यादीत नसेल, तर आपण बहुधा इन्स्टॉल न करता नुसत्या फोल्डरमधून चालणारी प्रत वापरत आहात. अशा प्रतीला सर्व्हिस नसते आणि तिच्याकडून लॉगिनची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यानंतर बॅरियरच्या सेटिंगमधील एलिव्हेट, म्हणजे वाढीव अधिकाराने चालवणे, हा पर्याय पाहावा. त्याच्या गरजेनुसार, नेहमी आणि कधीच नाही अशा तीन स्थिती असतात. तो कधीच नाही यावर असेल, तर सर्व्हिस चालू असूनही माउस लॉगिन स्क्रीनच्या बाहेरच राहतो. गरजेनुसार हा पर्याय बहुतेकांना पुरतो. सेटिंग बदलल्यावर सॉफ्टवेअर एकदा थांबवून पुन्हा सुरू करावे, कारण पुढच्या वेळी कोणती आज्ञा चालवायची हे सर्व्हिसच्या नोंदीत तेव्हाच लिहिले जाते. पुष्कळ जण खिडकीत बदल करतात, ती तशीच बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच सेटिंगवर संगणक सुरू होतो.

एवढे झाल्यावर चाचणी घ्यावी आणि ती तीन वेगवेगळ्या प्रकारे घ्यावी, कारण त्यातून दोष नेमका कुठे आहे हे समजते. पहिल्यांदा जुना संगणक नुसता लॉक करावा. हे स्टार्ट मेनूतून माउसने करणे बरे, कारण विंडोज आणि एल या कळा एकदम दाबल्यास कीबोर्ड ज्याला जोडला आहे तो संगणकच लॉक होतो. लॉक केलेल्या स्थितीत आपले सत्र जिवंत असते आणि फक्त डेस्कटॉप बदललेला असतो. या चाचणीत अडले, तर दोष एलिव्हेटच्या सेटिंगमध्ये किंवा सर्व्हिसमध्ये आहे. दुसऱ्यांदा साइन आउट करावे. येथे आपल्या नावाने चालणारे सर्व प्रोग्रॅम बंद होतात. लॉक केल्यावर चालणारा माउस साइन आउटनंतर बंद पडला, तर सॉफ्टवेअर अजून आपल्या सत्रावर अवलंबून आहे आणि सत्र संपल्यावर सर्व्हिस ते नव्याने सुरू करत नाही. तिसऱ्यांदा संगणक पूर्ण रिस्टार्ट करावा. पहिल्या दोन चाचण्या पार पडल्या आणि फक्त येथेच अडले, तर सॉफ्टवेअरला दोष न देता नेटवर्ककडे वळावे.

नेटवर्कचा हा भाग पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. या व्यवस्थेत कीबोर्ड जोडलेला संगणक सर्व्हर असतो आणि दुसरा क्लायंट. क्लायंट स्वतः होऊन सर्व्हरशी २४८०० क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या ठरावीक दारावर, संपर्क साधतो. याचा अर्थ असा, की नवा संगणक आधी सुरू झालेला असला पाहिजे, त्याच्या फायरवॉलने या पोर्टला वाट दिलेली असली पाहिजे आणि जुन्या संगणकाला लॉगिनच्या आधीच नेटवर्क मिळालेले असले पाहिजे. घरच्या वाय-फायचा पासवर्ड विंडोज सर्वसाधारणपणे सर्व वापरकर्त्यांसाठी जतन करते, त्यामुळे लॉगिन स्क्रीनवरही वाय-फाय जोडले जाते. मात्र प्रत्येकाच्या नाव-पासवर्डाने चालणारे कार्यालयीन वाय-फाय, किंवा ब्राउझर उघडून मोबाइलवरचा ओटीपी मागणारे वसतिगृहाचे वाय-फाय, लॉगिन होईपर्यंत जोडले जात नाही. आपले दोन्ही संगणक एकाच टेबलावर आहेत. तेव्हा दोन्हींना राउटरपर्यंत साधी केबल टाकावी, असे मी आग्रहाने सुचवतो. केबलने लॉगिनच्या आधीच्या नेटवर्कचा प्रश्न मिटतो आणि माउसची हालचालही अधिक सलग होते. शिवाय राउटरमध्ये नव्या संगणकासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलून क्लायंट भलत्याच ठिकाणी दार ठोठावत राहणार नाही.

कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळांविषयी आपण विचारलेले नाही, पण काही संगणकांवर त्या दाबल्याखेरीज पासवर्डची चौकटच येत नाही, म्हणून सांगून ठेवतो. ही जोडी विंडोज सर्वांत खालच्या पातळीवर स्वतः पकडते. कोणताही साधा प्रोग्रॅम ती अडवू शकत नाही, त्यामुळे ती दाबली की परिणाम नेहमी कीबोर्ड जोडलेल्या संगणकावरच होतो. सिनर्जीच्या परंपरेतील सॉफ्टवेअरमध्ये यासाठी डिलीटऐवजी पॉज ही कळ ठेवलेली आहे : माउस जुन्या संगणकावर नेऊन कंट्रोल, आल्ट आणि पॉज दाबले की तिकडे कंट्रोल-आल्ट-डिलीट पोहोचते. तरीही काही घडले नाही, तर जुन्या संगणकाच्या ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या नियमावलीत विंडोज लॉगऑन ऑप्शन्स या विभागात सॉफ्टवेअरकडून येणारी ही जोडी स्वीकारायची की नाही, अशी एक नोंद असते. तिच्यात सर्व्हिसेसना परवानगी द्यावी लागते.

शेवटचा मुद्दा खास आपल्यासारख्या मराठी टंकलेखकांसाठी. माउस लॉगिन स्क्रीनवर गेला, अक्षरे उमटत आहेत असे वाटले, तरी पासवर्ड चुकीचा ठरतो, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा नव्या संगणकावरील कीबोर्ड त्या क्षणी मराठीत असतो. हे सॉफ्टवेअर कोणती कळ दाबली याबरोबरच त्या कळेने कोणते अक्षर निघाले हेही पाठवते आणि क्लायंट ते अक्षर आपल्याकडील कोणत्या कळेने निघेल याचा शोध घेतो. इनस्क्रिप्टमध्ये के या कळेवर क आहे आणि डी या कळेवर हलन्त. लॉगिन स्क्रीनचा कीबोर्ड इंग्रजी असल्यामुळे तिकडे क देणारी कळच नसते. मग काही अक्षरे गळतात, काही भलतीच पडतात, आणि चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्याने आपल्याला पत्ता लागत नाही. माउस पलीकडे नेण्याआधी कीबोर्ड इंग्रजीत आणणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. पासवर्डच्या चौकटीशेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर माउस दाबून धरला की टाकलेली अक्षरे दिसतात. शंका आली की ती पाहून घ्यावीत. लॉगिन स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्या स्क्रीनचा स्वतःचा कीबोर्ड कोणता आहे हेही दिसते, आणि त्याच कोपऱ्यातील सुलभतेच्या चिन्हातून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडून नुसत्या माउसनेही पासवर्ड टाकता येतो.

कपाटातला दुसरा कीबोर्ड मात्र टाकून देऊ नका. विंडोज सुरू होण्याच्या आधीच्या गोष्टी, म्हणजे बायोसची सेटिंग, डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरने सुरुवातीला मागितलेला पिन किंवा रिकव्हरी की, सेफ मोडची निवड, यांपैकी कशाच्याही वेळी कोणतेच सॉफ्टवेअर सुरू झालेले नसते. झोपी गेलेला संगणकही या मार्गाने जागा होत नाही, कारण झोपेत त्याचा नेटवर्कवरचा संपर्क तुटलेला असतो. ही कामे वारंवार करावी लागत असतील, तर सॉफ्टवेअरऐवजी केव्हीएम स्विच घ्यावा. त्याला दोन्ही संगणकांच्या केबल प्रत्यक्ष जोडलेल्या असतात, म्हणून संगणकाच्या दृष्टीने तो साधा कीबोर्डच ठरतो. त्यात दोन्ही स्क्रीनवर सलग माउस फिरवण्याची सोय सहसा नसते. बटण दाबून संगणक बदलावा लागतो.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कार्यालयात दोन्ही संगणक विंडोज ११ चे आहेत. मायक्रोसॉफ्टचे माउस विदाउट बॉर्डर्स वापरले, तर वरील खटाटोप टळेल का?

उत्तर : बराचसा टळेल. हे साधन मायक्रोसॉफ्टच्या गॅरेज उपक्रमातून २०११ साली आले, २०२३ पासून ते पॉवरटॉइज या मोफत संचाचा भाग आहे आणि त्याने चार संगणकांपर्यंत एकत्र चालवता येतात. दोन्ही संगणकांवर एकच सुरक्षा-की टाकली की जोडणी होते. पण मूळ नियम येथेही तोच आहे : सर्व्हिस म्हणून चालवण्याचा पर्याय सुरू केला तरच दुसऱ्या संगणकाच्या लॉक स्क्रीनवर आणि वाढीव अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमवर कीबोर्ड-माउस चालतो, आणि तो पर्याय सुरू करण्यासाठी पॉवरटॉइज ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडावे लागते. लॉक स्क्रीनवर चालले म्हणून रिस्टार्टनंतरही चालेल असे धरून चालू नये. वर सांगितलेल्या तिन्ही चाचण्या येथेही घ्याव्यात आणि मगच दुसरा कीबोर्ड टेबलावरून हलवावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माझा मुख्य संगणक विंडोजचा आहे आणि दुसऱ्यावर उबुंटू हे लिनक्स आहे. डेस्कफ्लोचा क्लायंट मी उबुंटूच्या स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये टाकला आहे, तरी उबुंटूच्या लॉगिन स्क्रीनवर तो कधीच येत नाही. लिनक्समध्ये सर्व्हिस करणे सोपे असते असे ऐकले होते.

उत्तर : स्टार्टअप प्रोग्रॅमची यादी आपल्या लॉगिननंतर वाचली जाते, म्हणून तिथे टाकलेल्या क्लायंटचा लॉगिनसाठी काही उपयोग नाही. लिनक्समध्ये लॉगिन स्क्रीन दाखवण्याचे काम डिस्प्ले मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो. उबुंटूत तो जीडीएम, तर लिनक्स मिंटमध्ये लाइटडीएम असतो. कोणता डिस्प्ले मॅनेजर आहे आणि स्क्रीन एक्स-इलेव्हनवर चालते की वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्समधील अनुक्रमे जुन्या आणि नव्या व्यवस्था), यावर आपले उत्तर अवलंबून आहे.

एक्स-इलेव्हन आणि लाइटडीएम असल्यास मार्ग सरळ आहे. लाइटडीएमच्या सेटिंगच्या फाइलीत ग्रीटर-सेटअप-स्क्रिप्ट नावाची एक ओळ लिहिता येते. तिच्यात दिलेली स्क्रिप्ट लॉगिन स्क्रीन दिसण्याआधी रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालते आणि तिथून क्लायंट सुरू करता येतो. लॉगिन झाल्यावर हा पहिला क्लायंट बंद करून आपल्या सत्रात दुसरा सुरू करणे आवश्यक असते, अन्यथा एकाच नावाचे दोन क्लायंट सर्व्हरकडे जातात आणि माउस अधूनमधून अडतो. त्यासाठी सेशन-सेटअप-स्क्रिप्ट ही दुसरी ओळ आहे. लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीची नुसती सर्व्हिस लिहून भागत नाही, याचे कारण असे की क्लायंटला कोणत्या डिस्प्लेवर कळ उमटवायची आहे आणि त्या डिस्प्लेवर त्याला मुभा आहे की नाही हे सांगावे लागते. डिस्प्ले मॅनेजरच्या स्क्रिप्टमधून सुरू केल्यास ही माहिती आपोआप मिळते.

वेलँडवर मात्र परिस्थिती निराळी आहे. वेलँडने कोणत्याही प्रोग्रॅमला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कळा उमटवण्याची सरसकट मुभा काढून घेतली आणि त्याऐवजी पोर्टल नावाच्या मध्यस्थ व्यवस्थेद्वारे वापरकर्त्याची संमती घेण्याची पद्धत आणली. २०२३ मध्ये वेलँडवर कळा उमटवण्यासाठीच्या लिबई या लायब्ररीची पहिली स्थिर आवृत्ती आल्यापासून डेस्कफ्लो आणि इनपुट लीप या पोर्टलमार्गे वेलँडच्या सत्रात चालू शकतात. परंतु संमतीची ती चौकट लॉगिन झालेल्या सत्रातच येते. लॉगिन स्क्रीनवर संमती देणारे कोणी नसते, म्हणून तिथे हा मार्ग बंद आहे. मला ही वेलँडची उणीव वाटत नाही. एक्स-इलेव्हनमध्ये कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा वाचू शकत असे, आणि त्यापेक्षा आजची अडचण परवडली.

दोन्ही संगणक लिनक्सचे असते, तर मी आरकेव्हीएम हे साधन सुचवले असते. ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पातळीवर एक काल्पनिक कीबोर्ड तयार करते, त्यामुळे एक्स-इलेव्हन, वेलँड किंवा लॉगिन स्क्रीन यांपैकी काही असले तरी त्याला फरक पडत नाही. मात्र त्यात स्क्रीनच्या कडेवरून माउस पलीकडे न्यायची सोय नाही, ठरावीक कळा दाबून संगणक बदलावा लागतो. आपला मुख्य संगणक विंडोजचा असल्यामुळे दुसऱ्यावर लाइटडीएम असलेले लिनक्स मिंट वापरणे, किंवा उबुंटूत रोज एकदा जवळच्या कीबोर्डने लॉगिन करणे, हे दोनच पर्याय व्यवहार्य आहेत. कोणताही निवडलात तरी वाय-फाय वापरत असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये सर्व वापरकर्त्यांसाठी उपलब्ध या पर्यायावर टिक करून ठेवावी. ती नसेल तर वाय-फायचा पासवर्ड आपल्या खासगी की-रिंगमध्ये राहतो आणि लॉगिनपूर्वी नेटवर्क मिळत नाही.

प्रश्न : माझ्याकडे मॅकबुक आणि मॅक मिनी आहे. युनिव्हर्सल कंट्रोलने मॅकबुकच्या कीबोर्डवरून मिनीचे लॉगिन करता येईल का?

उत्तर : मिनी बंद अवस्थेतून सुरू करताना करता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ बरोबर आलेली ही सोय दोन्ही मॅकवर एकाच ॲपल खात्याने लॉगिन झालेले असण्यावर आणि दोन्ही यंत्रे साधारण १० मीटरच्या आत असण्यावर अवलंबून आहे. फाइलव्हॉल्ट सुरू असेल, तर सुरुवातीचा पासवर्ड डिस्कचे कुलूप उघडण्यासाठी असतो आणि त्या वेळी बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर सुरू झालेले नसते. त्यामुळे डेस्कफ्लोसारखे साधनही तिथे निरुपयोगी ठरते. मिनीसाठी एक साधा यूएसबी कीबोर्ड जवळ ठेवावा. याच्या उलट एक लक्षण मॅक वापरणाऱ्यांना गोंधळात टाकते : मॅक सर्व्हर असताना माउस दुसऱ्या संगणकावर जातो, पण कळा जात नाहीत. अशा वेळी मॅकवर कुठेतरी पासवर्डची चौकट उघडी राहिलेली असते आणि मॅकओएसने कळा इतर प्रोग्रॅमपासून लपवून ठेवलेल्या असतात. ती चौकट बंद केली की कळा पुन्हा जाऊ लागतात.

प्रश्न : मी पुण्यात करसल्लागार आहे. आमच्या संगणक दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे असे की अशा सॉफ्टवेअरने लॉगिन केले, तर पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो. अशिलांची कागदपत्रे दोन्ही संगणकांवर असल्याने मला काळजी वाटते. हे खरे आहे का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि सेटिंगकडे दुर्लक्ष झाले असेल, तर ते म्हणणे खरेही आहे. आपण दाबलेली प्रत्येक कळ या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे जाते आणि पासवर्डच्या कळाही त्यातून सुटत नाहीत. क्रिस शोनमन यांनी २००१ मध्ये तयार केलेल्या मूळ सिनर्जीत या कळा कूटबद्ध न करता पाठवल्या जात. टीएलएस या पद्धतीने त्या कूटबद्ध करण्याची सोय पुढे आली. आजच्या आवृत्त्यांत टीएलएसचा पर्याय असतो आणि तो दोन्ही संगणकांवर सुरू असल्याची खात्री आपण स्वतः करावी. पहिल्या जोडणीच्या वेळी क्लायंट एक लांबलचक फिंगरप्रिंट, म्हणजे सर्व्हरची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ, दाखवून, हा सर्व्हर आपलाच आहे का, असे विचारतो. बहुतेक जण न वाचता होय म्हणतात. सर्व्हरच्या खिडकीतला फिंगरप्रिंट समोर ठेवून दोन्ही जुळतात की नाही हे पाहूनच होय म्हणावे, कारण कूटबद्ध केलेला पासवर्डही भलत्याच संगणकाकडे गेला, तर त्या कूटबद्धतेचा काही उपयोग नाही.

सॉफ्टवेअर कोणते आणि कोणत्या आवृत्तीचे, हेही महत्त्वाचे आहे. बॅरियरमध्ये २०२१ साली सुरक्षेतील गंभीर त्रुटी उघड झाल्या. क्लायंटची ओळख न पडताळता त्याला आत घेणे ही त्यांतली एक होती, आणि त्या २.४.० या आवृत्तीपर्यंत दुरुस्त करण्यात आल्या. त्याच सुमारास बॅरियरचे काम करणारी मंडळी इनपुट लीप या नव्या नावाखाली वेगळी झाली आणि बॅरियर मागे पडले. सिनर्जीचा ओपन सोर्स पाया २०२४ पासून डेस्कफ्लो या नावाने चालतो. तेव्हा ज्यांच्याकडे अजून बॅरियर आहे, कोल्हापूरच्या वाचकांसह, त्यांनी सवडीने यांपैकी एकाकडे वळावे. २४८०० हे पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही खुले करू नये. घर आणि कार्यालय अशा दोन ठिकाणच्या संगणकांसाठी हे साधन नाहीच. त्यासाठी व्हीपीएन आणि रिमोट डेस्कटॉप आहे.

पासवर्डइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्ट मला आपल्या निदर्शनास आणायची आहे. लॉगिन स्क्रीनवर पोहोचण्यासाठी आपण या सॉफ्टवेअरला सिस्टिमचा, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च अधिकार देतो. त्यानंतर जो सर्व्हरच्या खुर्चीवर बसेल त्याच्या हाती दुसरा संगणकही येतो, आणि सॉफ्टवेअरमधील एखादी त्रुटी कोणाला सापडली, तर तिचा परिणाम आपल्या खात्यापुरता मर्यादित राहत नाही. दोन्ही संगणक आपले स्वतःचे आहेत, एकाच खोलीत आहेत, आणि नेटवर्कवर अनोळखी यंत्रे नाहीत, अशा स्थितीत हा अधिकार देणे मला योग्य वाटते. एक संगणक आपला आणि दुसरा सहायकाचा असेल, किंवा अशील थांबतात त्या खोलीचे वाय-फाय आणि कामाचे वाय-फाय एकच असेल, तर हा अधिकार देऊ नये. लॉगिन जवळच्या कीबोर्डने करून त्यानंतर साध्या अधिकाराने सॉफ्टवेअर चालवावे. विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आहेत. आपल्यापैकी ज्यांचा दुसरा संगणक अजून त्यावर आहे त्यांनी हा विचार अधिकच गांभीर्याने करावा.

प्रश्न : एवढे सगळे करण्यापेक्षा दुसऱ्या संगणकाचा पासवर्डच काढून टाकला किंवा तो आपोआप लॉगिन होईल असे केले, तर काय बिघडले?

उत्तर : हा सल्ला पुष्कळ जण देतात आणि तो मला मुळीच मान्य नाही. आपोआप लॉगिनची सोय जुन्या पद्धतीने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, केली, तर पासवर्ड साध्या अक्षरांत तिथे पडून राहतो. मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोलॉगऑन या साधनाने तो कूटबद्ध होतो, पण ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या व्यक्तीला तो तरीही काढता येतो. आणि पासवर्ड कसाही ठेवला, तरी संगणकाचे बटण दाबणाऱ्या कोणालाही आपली मेल, बँकेच्या जतन केलेल्या नोंदी आणि कागदपत्रे उघडी मिळतात. भिंतीवरच्या वेळापत्रकासाठी किंवा दुकानातल्या जाहिरातीसाठी लावलेल्या, ज्यात खासगी काहीच नाही अशा संगणकापुरते हे चालेल. कामाच्या संगणकावर विंडोजचा पिन लावावा : तो फक्त त्याच यंत्रावर चालतो आणि केवळ अंकांचा ठेवता येतो. फक्त उजवीकडच्या अंकपट्टीऐवजी वरच्या ओळीतले अंक वापरावेत, कारण दोन संगणकांवरील नम लॉकची स्थिती नेहमी सारखी असतेच असे नाही.